अडकलेलं जोडवं आणि तारेची भीती

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझं वय ५३. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसातले पाच तास उभी असते. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट गेल्या सहा-सात वर्षांत आकड्यासारखं वाकलंय. मधला सांधा वर आलाय, त्यावर कुरूप झालंय. बुटाची कड त्यावर घासली की डोळ्यांत पाणी येतं. हातानं दाबूनही बोट सरळ होत नाही. अंगठाही त्याच्याकडं झुकलाय. नऊ वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, थोडं हाड कापून बोटात तार घालायची म्हणाले. जाऊबाई म्हणतात, तार घातली की बोट कायमचं जातं. सासूबाई म्हणतात, 'सवाष्णीनं जोडवं काढायचं न्हाई.' ते जोडवं तसंही कित्येक वर्षांत निघालेलं नाही. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, मुलगा म्हणतो त्याआधी उरकून टाक. हातात तीन-साडेतीन महिने आहेत. काय करू?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. तुमच्या बोटाला ऑपरेशन लागेल असं मला वाटतं, पण ते मुलीच्या लग्नाआधी करू नका. डिसेंबरापर्यंत साखर आणि पायातलं पायताण या दोन गोष्टी नीट करा. त्यानंतरही दुखणं उरलं, तर मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन करून घ्या. आणि करायचं ठरलं की नुसत्या बोटावर थांबू नका, अंगठ्याचाही विचार त्याच वेळी व्हायला हवा.

या दुखण्याला डॉक्टर हॅमर टो म्हणतात. बोट हातोडीसारखं दिसतं म्हणून ते नाव. ते वाकतं कसं, हे समजलं की अर्धी भीती जाते. पायाच्या बोटांना दोन प्रकारचे स्नायू हलवतात. एक लांबचे, पोटरी-नडगीकडून येणारे आणि दोरीसारख्या कंडरांनी बोटांना ओढणारे. दुसरे तळपायातलेच, लहान. हे लहान स्नायू बोट बुडाशी खाली धरून ठेवतात आणि मधे सरळ ठेवतात. ते थकले की लांबच्या दोऱ्यांची ओढ जिंकते. बोटाचं बूड वर उचललं जातं, मधला सांधा दुमडतो, टोक जमिनीकडं वळतं. मग वर आलेला सांधा बुटाला घासून कुरूप होतं, टोक जमिनीवर आपटतं आणि चवड्याखालचं हाड खाली ढकललं जाऊन तिथं घट्टा पडतो. तुमच्याही चवड्याखाली, त्याच बोटाच्या रेषेत, कातडी जाड झालेली असणार. आज हात लावून पाहा.

लहान स्नायू थकायची कारणं अनेक. टोकाला निमुळती बेली वर्षानुवर्षं घातली, अंगठ्याशेजारचं बोट जन्मतःच अंगठ्यापेक्षा लांब असलं, आमवात असला, तर हे होतं. मधुमेहातही होतं, कारण मधुमेहात शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा आधी खराब होतात आणि त्या पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या असतात. तुमच्या बाबतीत मला अंगठ्यावर जास्त संशय आहे. अंगठा तिरका होऊन शेजारच्या बोटाच्या जागेत शिरला की ते बिचारं वर उचललं जातं, त्याला दुसरी जागाच राहत नाही.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य: "हातानं दाबूनही बोट सरळ होत नाही." आम्ही डॉक्टर तपासताना हेच आधी पाहतो. चवड्याखालून हाताच्या अंगठ्यानं वर दाबलं आणि बोट सरळ झालं, तर ते अजून लवचिक आहे. तेव्हा पट्टी, रुंद बूट, बोटांनी टॉवेल गोळा करण्यासारखे व्यायाम यांचा उपयोग होतो, आणि ऑपरेशनची वेळ आलीच तर फक्त कंडरेवर काम करून भागतं. तुमचं बोट सांध्यातच आखडलंय. अशा बोटाला तेल चोळून, मालीश करून, ऑनलाइन मिळणारे सिलिकॉनचे साचे लावून कुणीही सरळ करू शकत नाही. साच्यानं घासणं कमी होईल, आराम पडेल, तेवढ्यापुरतं ते जरूर वापरा. पण पैसे देताना त्याकडून बोट सरळ व्हायची अपेक्षा ठेवू नका.

कुरूपाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्या लावू नका. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कातडी जाळतं, आणि मधुमेह असलेल्या पायाला ती जखम कळतही नाही. ब्लेडनं घरी कापू नका. बाजारात बसून कुरपाचं मूळ काढून दाखवणारे असतात, त्यांच्यापुढं तर पाय अजिबात ठेवू नका. कुरपाला मूळ नसतंच. दाब पडतो तिथं कातडी आतल्या बाजूला टोकदार होऊन घट्ट होते, एवढंच. दाब राहिला की ते पुन्हा येतं, कितीदा काढलं तरी. एका बाईंच्या पायात अशा पट्टीनं सुरू झालेली जखम हाडापर्यंत गेलेली मी पाहिलीय आणि शेवटी त्या बाईंचं बोट काढावं लागलं. जाऊबाई "बोट जातं" म्हणतात ना, ते असं जातं.

म्हणून तुमच्या पायाची खरी तपासणी ऑपरेशनच्या आधीची. चार गोष्टी पाहून घ्या. पहिली, संवेदना. नायलॉनच्या बारीक दोऱ्यासारखं एक साधन असतं, मोनोफिलामेंट म्हणतात, ते तळपायाला टेकवून १० ग्रॅमचा दाब कळतो का हे पाहतात. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. दुसरी, रक्तपुरवठा. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागं नाडी हाताला लागते का ते डॉक्टर पाहतात, शंका आली तर डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहायची तपासणी, करतात. रक्त कमी पोचत असेल तर कापलेलं भरून येणार नाही, मग आधी त्याचा इलाज. तिसरी, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. अशा तातडी नसलेल्या ऑपरेशनला ती साधारण ८ टक्क्यांच्या खाली असावी असं बहुतेक सर्जन म्हणतात. मी ७.५ च्या खालीच हवी म्हणून अडून बसते. तुमचा आकडा पत्रात नाही, तो आधी काढा. चौथी, एक्सरे, आणि तो उभं राहून काढलेला. झोपून काढलेल्या एक्सरेत पायावर वजन नसतं, त्यामुळं अंगठा किती झुकलाय आणि बोटाचं बूड सांध्यातून किती निसटलंय हे नीट दिसत नाही.

आणखी एक विचारते, राग मानू नका. मिश्री लावता का? आपल्याकडं पुष्कळ बायका लावतात आणि डॉक्टरला सांगत नाहीत, कारण त्यांना ती तंबाखू वाटतच नाही. ती तंबाखूच आहे. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि बोटाकडं जाणाऱ्या वाहिन्या बारीकच असतात. हाड जुळायलाही वेळ लागतो. लावत असाल तर ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधीपासून आणि नंतरही पूर्ण बंद.

आता ऑपरेशन नेमकं काय. आखडलेल्या बोटात मधल्या सांध्यावर वरून छोटा छेद घेतात. सांध्याच्या मागच्या हाडाचं डोकं, म्हणजे काही मिलिमीटरचा तुकडा, काढतात. हाड तेवढं आखूड झालं की आवळलेल्या दोऱ्या सैल पडतात आणि बोट सरळ बसतं. काही सर्जन तिथं थोडी हालचाल ठेवतात, काही दोन्ही हाडांची टोकं खरवडून ती एकमेकांना जुळू देतात, म्हणजे तो सांधा कायमचा सरळ राहतो. तुमच्या वयात, इतकं आखडलेलं बोट असताना, जुळवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. चालायला त्या मधल्या सांध्याची वाकण्याची गरज फारशी पडत नाही. बुडाचा सांधा मात्र महत्त्वाचा. तोही वर आखडला असेल तर वरची कंडरा लांबवतात, सांध्याभोवतीचं आवरण सैल करतात, आणि चवड्याचं हाड फारच लांब असेल तर ते कापून थोडं मागं सरकवतात. हे सगळं प्रत्येकाला लागत नाही. तुम्हाला काय लागेल ते उभ्या एक्सरेवरून ठरेल.

एका बोटाचं काम साधारण अर्ध्या तासाचं. भूल घोट्याशी किंवा बोटाच्या बुडाशी देतात, पूर्ण गुंगी द्यायची गरज सहसा पडत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

आता ती तार. तिला के-वायर म्हणतात. ती साधारण दीड मिलिमीटर जाडीची, स्टीलची असते. बोटाच्या टोकातून आत घालतात, ती बोट सरळ धरून ठेवते, आणि तिचं टोक बाहेर राहतं. त्यावर छोटी टोपी बसवतात किंवा टोक वाकवून ठेवतात. चार ते सहा आठवड्यांनी ती ओपीडीतच पकडीनं ओढून काढतात. बहुतेकांना भूल लागत नाही. माझे पेशंट त्या दिवशी सकाळपासून घाबरलेले असतात, आणि तार निघाल्यावर "झालं?" असं विचारतात. जाऊबाईंना सांगा, ही तार आयुष्यभर राहत नाही. बाहेर राहणारं टोक नको असेल तर हाडाच्या आत कायम राहणारे छोटे इम्प्लांटही मिळतात. पण ते महाग पडतात, आणि साध्या तारेनं तेच काम चांगलं होतं, म्हणून मी त्याचा आग्रह धरत नाही.

जाऊबाईंचं म्हणणं मी अगदी उडवून लावणार नाही. ऑपरेशन झाल्यावर पहिल्या दिवशी बोटाचं टोक पांढरं किंवा काळंनिळं पडलं, तर ते तातडीचं असतं. वर्षानुवर्षं वाकलेलं बोट एकदम ताणलं की त्याच्या रक्तवाहिन्याही ताणल्या जातात. कधी पट्टी सैल करून भागतं, कधी तारच काढून टाकावी लागते. म्हणून पहिल्या रात्री घरच्यांनी दोन-तीनदा बोटाचा रंग पाहायचा आणि डॉक्टरांचा नंबर हाताशी ठेवायचा. तारेच्या तोंडाशी पू होणं, तार सरकणं, बोट थोडं बधिर राहणं, आखूड दिसणं, जमिनीला नीट न टेकता किंचित वर तरंगणं, काही वर्षांनी पुन्हा वाकणं, हेही होऊ शकतं. होतंच असं नाही. पण हे सही करायच्या आधी समोर बसून सांगणारा डॉक्टर निवडा. वाकडं बोट नुसतं दिसायला वाईट आहे म्हणून सरळ करून मागणाऱ्यांना मी याच कारणासाठी परत पाठवते. तुमचं तसं नाही. तुमचं दुखतंय, आणि मधुमेह असताना त्या कुरपाखाली एक दिवस जखम होऊ शकते.

अंगठ्याबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. खूप वर्षांपूर्वी एका पेशंटचा अंगठा असाच झुकलेला होता, पण तो दुखत नव्हता. त्या म्हणाल्या, "फक्त बोटाचं करा." मी ऐकलं. बोट सुंदर सरळ झालं. दोन वर्षांनी त्या परत आल्या, बोट पुन्हा वर, कारण अंगठा त्याच्या जागेत तसाच घुसलेला. दुसऱ्यांदा दोन्ही करावं लागलं आणि दुप्पट त्रास त्यांच्या वाट्याला आला. तेव्हा तुमच्या सर्जनना स्पष्ट विचारा: अंगठा तसाच ठेवून हे बोट टिकेल का? अंगठ्याचंही करायचं म्हणाले तर खर्च आणि विश्रांती दोन्ही वाढतील हे धरून चाला. दुसरं मत हवं असेल तर सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा, जाताना एक्सरे बरोबर न्या. सरकारी योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्रांना विचारून घ्या.

आता जोडव्याचं. ताई, तुम्ही ते शेवटाकडं, जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते तुमचा जीव तिथंच अडकलाय. मला ते क्षुल्लक वाटत नाही. मात्र ते काढावंच लागेल. ऑपरेशननंतर बोट सुजतं, आणि सुजलेल्या बोटावर चांदीचं वेढं म्हणजे फास. शिवाय ते तुमच्या बोटाच्या बुडाशी, वर आलेल्या सांध्यामागं अडकलंय. ते ओढून निघणार नाही. साबण लावून जोर करू नका, कातडी सोलली तर शुगर असताना ते नवं दुखणं. गुजरीतल्या तुमच्या नेहमीच्या सराफाकडं जा, तो वेढं कापून काढेल. तेच जोडवं नंतर झाळून, उघड्या वेढ्याचं, सैल-घट्ट करता येणारं करून देईल. चांदी तीच राहते. हे ऑपरेशनची वाट न पाहता आताच करा, कारण अडकलेल्या जोडव्याखालची कातडी तुम्ही इतक्या वर्षांत नीट धुऊन पुसलेली नाही, तिथं काय झालंय ते पाहायला हवं.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना डॉक्टरांकडं बरोबर न्या, एक्सरे दाखवा. माझ्याकडं येणाऱ्या बायकांनी यावर आपापले मार्ग काढलेत. कुणी जोडवं तेवढे महिने मधल्या बोटात घातलं, कुणी देवाऱ्यात कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवलं, कुणी मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवलं. एका सासूबाईंनी तर स्वतः सुनेच्या पायातलं काढून आपल्या पदराला बांधून ठेवलं होतं. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही. त्यानंतर सरळ झालेल्या बोटात ते पुन्हा घालता येईल, तेही सहज निघेल-बसेल असं.

मुलाचं म्हणणं मायेचं आहे, पण हिशेब जमत नाही. आज ऑपरेशन केलं तरी पहिले दोन आठवडे पाय उशीवर उंच, टाके निघेपर्यंत घरातल्या घरात फक्त टाचेवर चालणं, ताठ तळाचा सपाट बूट. सहा आठवडे तार. त्या काळात पाय कोरडा ठेवायचा, अंघोळीला पिशवी बांधून. स्कुटी नाही. पुढं रुंद बुटात पाय जायला दोन महिने, आणि संध्याकाळची सूज त्याहून जास्त दिवस. शिवाय आधी साखरेचा आकडा खाली आणायला दोन-तीन महिने हवेत. म्हणजे ऐन हळदीच्या दिवशी तुम्ही सुजलेला पाय घेऊन खुर्चीत. मुलीच्या लग्नात तुम्हाला चालत-फिरत असायला हवं. त्यात आपल्याकडचा पाऊस. दिवसभर ओल असताना तार कोरडी ठेवणं अवघड, हे मी दर पावसाळ्यात पाहते. उन्हाळ्याची सुट्टी साधारण सहा आठवड्यांची, तार राहते तेवढीच. शिक्षिकेला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

नवरात्रात अनवाणी राहता का? राहत असाल तर यंदा संवेदनेची तपासणी होईपर्यंत तरी नको. दुपारी तापलेली फरशी आणि रस्त्यावरचा खडा बधिर पायाला कळत नाही. देवळापुरती चप्पल काढा, बाहेर आल्या आल्या घाला.

आणि आतापासून लग्नापर्यंत पायात काय घालायचं? बेली आजच बाजूला ठेवा. पायताण घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. जाताना कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची पेन्सिलीनं रेघ मारून न्या. घ्यायचं पायताण त्या कागदावर ठेवा. रेघ बाहेर दिसली तर ते परत करा. पुढं रुंद, बोटांवर उंच जागा, मागं पट्टा, टाच दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. संवेदना कमी आहे असं निघालं तर मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, बारीक छिद्रांच्या) रबराचं घ्या आणि घरातही ते घालूनच वावरा.

कोल्हापुरी चप्पल वाईट का, असंही पुष्कळ जणी विचारतात. पुढून उघडी असल्यानं ती सांध्यावर घासत नाही, पण तळ कडक असतो, मागं पट्टा नसतो आणि ती धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. संवेदना शाबूत असेल तर लग्नाच्या दिवसापुरती जरूर घाला. चप्पल लाईनमधल्या कारागिराला तोच कागद द्या, पट्टा रुंद आणि सैल करायला सांगा, आत मऊ अस्तर लावून मागा. महिनाभर आधी द्या, म्हणजे घरात रोज थोडा थोडा वेळ वापरून ती पायाला होईल. आणि लग्नाच्या रात्री, कितीही उशीर झाला तरी, निजण्याआधी उजेडात दोन्ही पाय पाहा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. लाल डाग किंवा फोड दिसला तर सकाळी आधी डॉक्टरांकडं.